चाक फिरण्यापूर्वी

हुबळी शहराच्या मध्यवस्तीत कोप्पीकर रोड म्हणून बाजाराचा एक गजबजलेला रस्ता आहे. सकाळी दुकाने उघडली की नाना तऱ्हेच्या वस्तू मांडल्या जातात आणि शहरातले व आसपासच्या खेड्यांतले गिऱ्हाईक भाव करू लागते. रंग टिकेल काय, माल अस्सल आहे काय, चार पैसे कमी होतील काय, हे सारे प्रश्न विचारले जातात. एक प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. हा माल येथवर आणला कोणी, आणि तो आणताना त्याला रात्री झोप मिळाली होती काय?

हुबळीच्या रेल्वे स्थानकात १,५०७ मीटर लांबीचा फलाट आहे. जगातील सर्वांत लांब असा हा फलाट १२ मार्च २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. परंतु फलाट कितीही लांब असला तरी आगगाडी दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत येत नाही. भिवंडीच्या गुदामातून निघालेली कापडाची गाठ काय किंवा खेड्यातून निघालेली भाजीची पाटी काय, ती बाजारात पोहोचते ती मालमोटारीनेच. आपल्या स्वयंपाकघरातील मिठापासून घराच्या छपरावरील पत्र्यापर्यंत क्वचितच एखादी वस्तू अशी असेल की जिने ट्रकाचा प्रवास केलेला नाही.

या सोयीची किंमतही मोठी आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे सर्व अपघात मालमोटारींचे नव्हेत, हे खरे. तथापि अवजड वाहन ज्या अपघातात सापडते, त्यात समोरच्याची धडगत नसते, हे सांगावयास नको.

अपघात झाला की आपण प्रथम चालकाकडे बोट दाखवितो. ‘झोप लागली असेल’, ‘दारू प्याला असेल’, ‘ब्रेक लागले नसतील’, असे म्हणून मोकळे होतो. पण त्याला झोप का लागली? ब्रेक का लागले नाहीत? या प्रश्नांचा माग काढीत गेल्यास असे दिसून येते की अपघात रस्त्यावर घडतो खरा, परंतु त्याची तयारी पुष्कळदा गाडी अड्ड्यातून निघण्यापूर्वीच होऊन बसलेली असते. म्हणून चाक फिरण्यापूर्वी काय काय व्हावयास हवे आणि ते पाहण्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी ट्रक, टेम्पो किंवा टँकर चालवीत असेल. कित्येकांनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली असेल. त्यांना हा विषय परका वाटणार नाही.

एका गाडीचा धनी आणि शंभर गाड्यांचा धनी

हुबळी हे वाहतुकीचे ठाणे होय. मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव असा येणारा महामार्ग येथून पुढे बंगळूरला जातो. येथूनच एक वाट यल्लापूरचा घाट उतरून अंकोल्याला समुद्राकडे जाते, आणि गदगकडे जाणारी वाट पूर्वेच्या मुलखात शिरते. अशा ठिकाणी वाहतुकीचा धंदा वाढावा यात नवल नाही. विजय संकेश्वर यांनी १९७६ साली गदग येथे एका ट्रकानिशी हा धंदा सुरू केला. घरचा व्यवसाय छापखान्याचा. पुढे त्यांनी आपला कारभार हुबळीस हलविला, आणि आज त्यांच्या विजयानंद रोडलाइन्सपासून वाढलेल्या व्हीआरएल कंपनीपाशी पाच हजारांहून अधिक मालवाहू गाड्या आहेत. हुबळीजवळ वरूर येथे तिचे मोठे आवार व कार्यशाळा आहे. भारत सरकारने २०२० साली संकेश्वर यांना पद्मश्री देऊन गौरविले.

एका ट्रकापासून पाच हजारांपर्यंतची ही वाढ सांगण्याचे कारण निराळे आहे. ज्याच्यापाशी एकच गाडी असते, तो बहुधा स्वतःच ती चालवितो. इंजिनाचा आवाज बदलला की त्याच्या कानाला कळते, ब्रेकचा पायटा किंचित खाली गेला की पायाला कळते. गाड्यांची संख्या शंभरावर गेली की धन्याचे कान आणि पाय तेथवर पोहोचत नाहीत. मग त्यांची जागा वहीला घ्यावी लागते. कोणत्या गाडीचा कोणता कागद कोणत्या तारखेस संपतो, कोणते टायर किती किलोमीटर चालले, कोणता चालक काल किती तास बसला होता, हे सर्व लिहून ठेवणे, वेळेवर पाहणे आणि त्यानुसार वागणे, याचेच नाव मोठ्या ताफ्याची सुरक्षितता. ही वही आता संगणकात गेली आहे आणि गाडी कोठे आहे हे उपग्रहाच्या साहाय्याने कचेरीत बसून दिसते. तरी नोंद माणसानेच करावयाची असते, आणि ती वाचून निर्णय घ्यावयाचा तोही माणसानेच.

एक-दोन गाड्यांच्या मालकाने मात्र ‘आपल्याला वही कशाला’ असे म्हणू नये. आपल्या देशातील बहुसंख्य मालमोटारी छोट्या मालकांच्याच आहेत. गाडीवर चालक ठेवला आणि आपण घरी राहिलो की आपले कानही तेथवर पोहोचत नाहीत. दोन रुपयांच्या वहीत लिहिलेली तारीख ही डोक्यात ठेवलेल्या तारखेपेक्षा अधिक भरवशाची असते.

कागद आणि गाडी

मालवाहू गाडीला कागद पुष्कळ लागतात. नोंदणीचे पुस्तक, परमिट, कर भरल्याची पावती, विमा, धुराच्या तपासणीचा दाखला, चालकाचा परवाना, आणि या सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र, ज्याला आमचे गाडीवाले ‘पासिंग’ म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या छपन्नाव्या कलमानुसार हे प्रमाणपत्र नसेल तर ती गाडी वैध रीतीने नोंदलेलीच नाही असे धरले जाते. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन-दोन वर्षांसाठी मिळते, त्याहून जुन्या गाडीला दरवर्षी घ्यावे लागते.

कागद हवेतच. पण कागदाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पासिंगच्या दिवशी गाडीचे दिवे लागत होते, ब्रेक धरत होते, टायर धड होते, एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. नंतरच्या दिवसांची हमी ते देऊ शकत नाही. मालमोटार वर्षभरात हजारो किलोमीटर धावते. तेवढ्यात ब्रेकचे लायनर झिजतात, कमानीचे पाटे तुटतात, मागचे दिवे चिखलाने आंधळे होतात. पासिंगसाठी चांगले टायर उसने आणून बसवावयाचे आणि दाखला हाती पडताच झिजलेले पुन्हा चढवावयाचे, असा प्रकार जो करतो तो अधिकाऱ्याला फसवीत नसून आपल्याच चालकाला फसवीत असतो. कागदी घोडे घाट उतरत नाहीत.

तेव्हा खरी तपासणी ती रोजची. गाडी हलविण्यापूर्वी पंधरा मिनिटे काढून चालक व क्लीनर यांनी तिला एक फेरी घालावी. प्रत्येक टायरची हवा व नक्षी पाहावी. ट्रकाच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, असा नियम आहे. चाकांचे नट आवळलेले आहेत काय, ब्रेकची हवा धरते की गळते, पुढचे-मागचे दिवे व इशाऱ्याचे दिवे लागतात काय, हे पाहावे. रात्री उजेड पडताच चकाकणारी पट्टी गाडीच्या मागे व बाजूस धड आहे काय आणि मागच्या बाजूचा लोखंडी अडसर जागच्या जागी आहे काय, हेही पाहावे. हा अडसर म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. मागून येणारी मोटार किंवा मोटारसायकल ट्रकाच्या पोटाखाली शिरू नये म्हणून तो असतो. माल चढविताना अडचण होते म्हणून तो कापून टाकणारे लोक आहेत. त्यांनी आपण काय कापतो आहोत याचा विचार करावा.

या तपासणीत दोष सापडला तर काय करावयाचे, हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. वहीत दोष लिहावा आणि गाडी तशीच पाठवावी, असे होत असेल तर ती वही न ठेवलेलीच बरी. ‘आज ही गाडी जाणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार ज्या कचेरीत कोणा एकाला तरी स्पष्टपणे दिलेला आहे, आणि तसे म्हटल्याबद्दल ज्याची नोकरी जात नाही, तेथेच सुरक्षितता नांदते. धंद्यातला हा सर्वांत कठीण शब्द आहे. भाडे ठरलेले असते, माल चढलेला असतो, व्यापाऱ्याचे फोनवर फोन येत असतात. अशा वेळी गाडी थांबविणाऱ्या मिस्त्रीच्या पाठीशी उभा राहतो तोच खरा धनी.

भार किती?

गाडीने किती भार वाहावा हे कायद्याने ठरलेले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने ही मर्यादा वाढविली. सहा चाकी, म्हणजे दोन आसांच्या ट्रकाचे मालासह एकूण वजन पूर्वी १६.२ टन चाले, ते १८.५ टन झाले. दहा चाकी ट्रकाचे २५ टनांवरून २८.५ टन झाले. एवढी सवलत मिळाल्यावर तरी जादा माल भरण्याची सवय सुटावयास हवी होती. ती सर्वत्र सुटली असे म्हणता येत नाही.

जादा भाराने काय होते ते साध्या हिशेबाने समजेल. ब्रेक हे गाडीचा जोर जिरवून तो उष्णतेत बदलतात. भार वाढला की जिरवावयाचा जोर त्याच प्रमाणात वाढतो, आणि वेग वाढला की तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वेग ८० वर गेला तर डोळ्याला तो थोडासाच वाढलेला दिसतो, पण ब्रेकवरचे ओझे जवळजवळ पावणेदोनपट होते. म्हणूनच १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या मालमोटारींना ताशी ८० किलोमीटरपेक्षा अधिक वेग घेऊ न देणारे वेगनियंत्रक यंत्र बसविणे सक्तीचे झाले. ते यंत्र खोलून ठेवणे हे बहादुरीचे लक्षण नव्हे.

जादा भाराचा दंडही १ सप्टेंबर २०१९ पासून जबर झाला आहे: मूळ २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. पाच टन अधिक भरणाऱ्याला ३०,००० रुपये मोजावे लागतात, शिवाय जादा माल उतरवून ठेवावा लागतो तो वेगळाच. पण आम्हांस दंडापेक्षा याच कायद्यातील एकशे तेराव्या कलमाचे एक वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. चालक हा गाडीचा मालक नसेल, तर जादा भाराचा गुन्हा मालकाला ठाऊक असताना किंवा त्याच्याच हुकमाने घडला असे न्यायालयाला गृहीत धरता येते. ‘मला काय ठाऊक, चालकाने भरला’ हे मालकाचे म्हणणे कायदाही सहजासहजी मानीत नाही. वजनकाट्याची पावती गाडी निघण्यापूर्वी घ्यावी, तपासनाक्यावर नव्हे.

झोपेचा हिशेब

आता त्या कापडाच्या गाठीकडे वळू. भिवंडीहून हुबळी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. घाट, गावे, टोलनाके धरून भरलेला ट्रक ताशी सरासरी ४० किलोमीटर चालला असे समजले, तर नुसते सुकाणू धरून बसण्याचेच सुमारे चौदा तास होतात. माल चढवून घेण्यात गेलेला वेळ त्यात धरलेलाच नाही.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी. लांब पल्ल्याच्या वाटेवर अधिकाऱ्यांच्या मंजुरीने सवलत मिळाली तरी ती दिवसाला दहा तासांपलीकडे नाही. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्यांसाठी होता. परंतु मोटार वाहन कायद्याच्या एक्याण्णवाव्या कलमाने हेच तास मालवाहू गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास लागू केले, मग मालकाची गाडी एक असो वा हजार. पुढे २०२० साली संमत झालेली व्यावसायिक सुरक्षिततेची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि १९६१ चा कायदा तिच्यात सामावला गेला. दिवसाचे आठ तास ही मर्यादा तिनेही राखली आहे.

तेव्हा चौदा तासांची वाट एका चालकाने एका दमात कापणे हे कायद्यात बसत नाही. त्याला दोनच मार्ग आहेत: गाडीवर दोन चालक, नाहीतर वाटेत मुक्काम. ‘काल संध्याकाळी भरला, उद्या सकाळी दुकानात हवा’ असे सांगून एकाच चालकाला पाठविणारा माणूस त्याच्यापुढे दोनच गोष्टी ठेवतो, कायदा मोडणे किंवा नोकरी सोडणे. ज्याच्या घरी चार तोंडे खाणारी आहेत, तो काय निवडील हे उघड आहे.

आणि झोप ही काही इच्छाशक्तीने थोपवून धरण्याची वस्तू नव्हे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ती सहासष्ट मीटर आंधळी धावलेली असते. पहाटेच्या वेळी शरीर आपोआप झोपेकडे ओढले जाते. तंबाखू, चहा आणि मोठ्याने लावलेली गाणी त्याला थोडा वेळ फसवितात, जिंकीत नाहीत.

युरोपात या बाबतीत अधिक कडक व्यवस्था आहे. तेथे चालकाने दिवसाला सामान्यतः नऊ तासच गाडी चालवावयाची असते आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे लागते. मुख्य म्हणजे त्याचे तास मोजणारे यंत्र गाडीतच बसविलेले असते, व तपासणी अधिकारी ते वाचू शकतात. आपल्याकडे मर्यादा आहे, परंतु बहुतेक गाड्यांत ती मोजणारे यंत्र नाही. चालकाची हजेरी व धन्याची सदसद्विवेकबुद्धी यांवरच सारी मदार आहे. एक चांगली गोष्ट मात्र घडली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीशेजारी बसून दिवस काढणाऱ्या माणसासाठी ही चैन नव्हे.

चार ठिकाणे, चार धडे

हुबळी-धारवाडच्या आसपास आणि त्या महामार्गावर गेल्या काही वर्षांत जे घडले ते या दृष्टीने आठवण्यासारखे आहे.

हुबळी व धारवाड या शहरांना वळसा घालून जाणारा बाह्यवळण रस्ता नरेंद्र ते गब्बूर असा सुमारे तीस किलोमीटरांचा. पुढचा-मागचा महामार्ग रुंद, मधे दुभाजक असलेला. हा तुकडा मात्र दुपदरी आणि दुभाजकाविना राहिला होता. १५ जानेवारी २०२१ रोजी सकाळी इटिगट्टी गावाजवळ दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींची छोटी बस आणि एक टिपर यांची टक्कर झाली व किमान अकरा जण मृत्यू पावले. पुढच्या वर्षी, २४ मे २०२२ च्या मध्यरात्रीनंतर, याच रस्त्यावर तारिहाळजवळ कोल्हापूरहून बंगळूरला जाणारी खासगी बस ट्रकावर आदळली. किमान सात जीव गेले. त्यानंतर या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. धडा असा की ज्या वाटेने गाडी पाठवावयाची तिची माहितीही चालकाला आधी दिली पाहिजे. रुंद रस्ता कोठे संपतो, अरुंद कोठे सुरू होतो, काम कोठे चालू आहे, हे अंधारात अचानक कळणे धोक्याचे असते.

तिसरे ठिकाण पुण्याजवळचे, हुबळीकडून मुंबईकडे परतणाऱ्या वाटेवरचे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका मालमोटारीने अठ्ठेचाळीस वाहनांना धडक दिली. डिझेल वाचविण्यासाठी चालकाने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात दिसून आले. उतारावर गिअर काढला की इंजिनाचा आवर सुटतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात, तापले की धरेनासे होतात. येथे चालक चुकतो हे खरे. पण डिझेल कमी लागले तर बक्षीस आणि अधिक लागले तर पगारातून कपात, असा नियम ज्याने केला, तोही त्या वेळी अदृश्य रूपाने केबिनमध्ये बसलेला असतो.

चौथे ठिकाण हुबळीहून अंकोल्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचे. २२ जानेवारी २०२५ च्या पहाटे हावेरी जिल्ह्यातील सवणूरहून कुमट्याच्या बाजाराला निघालेला भाजीपाल्याचा ट्रक यल्लापूर तालुक्यात गुळ्ळापुराजवळ दरीत कोसळला. समोरच्या गाडीला वाट देताना तो कडेला गेला होता. ट्रकात भाजीच्या राशीवर पंचवीसहून अधिक विक्रेते बसले होते. त्यांतील दहा जण जागीच किंवा नंतर मरण पावले. आपल्यासारखीच कष्टाची माणसे ती. माल आपला, बाजार दूर, बसचे भाडे वाचते, म्हणून मालावरच बसावयाचे.

हा प्रसंग वाचून आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. लग्नाला, जत्रेला, यात्रेला किंवा बाजाराला टेम्पोत अगर ट्रकात बसून जाण्याची चाल आपल्याही गावांत आहे. मालगाडीला बसण्यास आसन नाही, धरण्यास दांडा नाही. गाडी कलंडली की माणूस मालाखाली सापडतो. त्यात आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मालवाहू गाडीतून फुकट अथवा पैसे देऊन प्रवास करणाऱ्यास अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई देण्यास बांधलेली नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आशा रानी खटल्यात २००२ साली दिला आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस यांस विम्याचे संरक्षण असते. पण त्यानेही केबिनमध्ये बसले पाहिजे, मालावर नव्हे, असे पुढील निर्णयांत सांगितले गेले. म्हणजे बसभाड्याचे पन्नास रुपये वाचविताना जीव तर धोक्यात पडतोच, शिवाय मागे राहिलेल्या विधवेला व मुलांना भरपाईसाठी केवळ गाडीमालकाच्या दारी जावे लागते, आणि त्याच्यापाशी देण्यासारखे काही असेलच असे नाही.

आपला वाटा

येथवर आम्ही गाडीच्या धन्याबद्दल पुष्कळ लिहिले. परंतु धनीदेखील मोकळा नसतो. गाडीचा हप्ता डोक्यावर असतो, आणि भाडे ठरविणारा व्यापारी म्हणतो, ‘तुला परवडत नसेल तर दुसरा उभा आहे.’ जो कायद्याप्रमाणे भार भरील, दोन चालक ठेवील आणि टायर वेळेवर बदलील, त्याचे भाडे थोडे अधिक होणारच. सर्वांत स्वस्त गाडी शोधणारा व्यापारी नकळत सर्वांत झिजलेले टायर आणि सर्वांत थकलेला चालक शोधीत असतो. कोप्पीकर रोडवरील दुकानदार असो, आपल्या गावचा विटांचा कंत्राटदार असो किंवा मंडईला भाजी पाठविणारा शेतकरी असो, त्याने गाडी ठरविताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: पासिंग चालू आहे काय? आणि चालक काल कोठून आला, झोपला होता काय? तो थकलेला दिसला तर माल चार तास उशिरा निघाला तरी चालेल, असे आपण होऊन सांगावे. हे शब्द व्यापाऱ्याच्या तोंडून निघाले तर त्यांचे वजन कोणत्याही सरकारी फलकापेक्षा अधिक असते.

ज्या घरचा मुलगा किंवा पती गाडीवर आहे, त्या घरानेही काही गोष्टी पाहाव्यात. व्यावसायिक परवाना आता पाच वर्षांनी नूतन करावा लागतो. पण डोळे पाच वर्षे वाट पाहत नाहीत. वर्षातून एकदा त्याची दृष्टी, रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. तो घरी आला की त्याला झोपू द्यावे. सणाच्या दिवशी पाहुण्यांच्या गराड्यात रात्र जागवून पहाटे पुन्हा गाडीवर धाडू नये. तो वाटेत असताना त्याला उगाच फोन करू नये, आणि केलाच तर ‘गाडी बाजूला घे, मग बोल’ हे पहिले वाक्य असावे. दारूबद्दल निराळे सांगावयास नको. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य सापडले की कायद्याने तो गुन्हेगार ठरतो.

महामार्गालगतच्या गावांची आणखी एक जबाबदारी आहे. ट्रक उलटला की माल लुटण्यासाठी धावणारे लोक दिसतात, तसे जखमींसाठी धावणारेही दिसतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना पूर्वी पोलिसांच्या चौकशीची भीती वाटे. ती आता बाळगण्याचे कारण नाही. कायद्याच्या १३४-अ या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. केबिनमध्ये अडकलेला चालक कोणत्या राज्याचा, कोणत्या भाषेचा, हे पाहण्याची ती वेळ नसते.

अपघात टाळण्याचे सामर्थ्य कोणा एकाच्या हाती नाही. ते पुष्कळ हातांत थोडे थोडे वाटलेले आहे. माल भरणाऱ्या मुकादमाच्या हाती थोडे, नट आवळणाऱ्या मिस्त्रीच्या हाती थोडे, वेळापत्रक आखणाऱ्या कारकुनाच्या हाती थोडे, भाडे ठरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती थोडे, घरी झोपेची वेळ राखणाऱ्या गृहिणीच्या हातीही थोडे. चालकाच्या हाती गाडी येते ती या सर्वांच्या हातांतून जाऊन. त्या प्रत्येक हाताने आपले काम चोख केले असेल, तर रात्री सुकाणू धरून बसलेल्या माणसाला केवळ रस्त्याकडेच पाहावे लागते. आणि तेवढेच काम एका माणसाला पुरेसे आहे.